सीमेवरच्या गावात उपचार आणि ग्रामसभा एका हाताने कसे चालवावे

कोरची तालुक्यात, छत्तीसगडच्या हद्दीला लागून राहणाऱ्या एका गोंड ताईंचा प्रश्न असा: "आजीकडून जडीबुटी आणि सुईणपण शिकले. आता लोक येतात, पलीकडच्या गावांतूनही येतात. बचत गटही माझ्याच ओट्यावर बसतो. उपचार करायचे आहेत आणि ग्रामसभेत बायकांचे कामही उभे करायचे आहे. सुरुवात कुठून करू, कशाला हात लावू नको आणि माणूस अडकतो कुठे?"

ताई, सुरुवात औषधापासून करू नका. आधी एक यादी करा: कोणत्या रोग्याला आपण घरी ठेवणार नाही. ही यादी ओट्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शेजारी चित्रे काढा. साप, पिसाळलेला कुत्रा, झटके, गरोदरपणातला रक्तस्राव, गरोदर बाईचे डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणे, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाने दूध सोडणे, काहीच न पिणारे मूल, कावीळ झालेला आणि गुंगीत असलेला माणूस, सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) रोग्याला ताप किंवा छातीत दुखणे. यांतले काहीही आले की पाला शोधायला जायचे नाही, गाडी शोधायची. यादी भिंतीवर असली की नातेवाईक "तूच काहीतरी कर" म्हणून गळ घालतात तेव्हा नकार तुमचा एकटीचा राहत नाही.

सापाबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण वैदूची पत सगळ्यात जास्त इथेच बनते आणि इथेच माणसे दगावतात. बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. त्यामुळे मंत्राने किंवा मुळीने "उतरलेले" अनेक दंश मुळात चढलेलेच नसतात. गावाचा विश्वास त्यांच्यावर बसतो आणि मग एक दिवस मण्यार चावलेला माणूस येतो. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावतो. सूज नाही, वेदना नाही, दाताची खूण दिसेल न दिसेल. पहाटे पोटात कळ येते, घसा धरतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात आणि पुढे श्वास बंद पडतो. म्हणून पावसाळ्यात पहाटे कुणी पोटदुखी घेऊन आला तर पहिला प्रश्न "काय खाल्ले" हा विचारू नका. "झोपला कुठे होतास" हा विचारा आणि पापण्यांकडे बघा.

करायचे ते एवढेच. रोग्याला चालू देऊ नका. बांगड्या, तोडे, पैंजण, करदोरा काढून घ्या, नाहीतर सूज आली की ते रुततात. चावलेला हात किंवा पाय बांबूच्या दोन कामट्यांत, मोडलेल्या हाडाला बांधतात तसा गमछ्याने सैल बांधा. वर आवळपट्टी नको, चिरा नको, चोखणे नको. घोणस चावलेल्याला चीर दिली तर रक्त थांबतच नाही, आणि आवळून बांधलेला पाय काळा पडून कापावा लागतो. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. चावल्याची वेळ चिठ्ठीवर लिहा. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप मारून न्यायची गरज नाही. त्या भानगडीत दुसऱ्याला चावतो. सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात आणि लहान मुलालाही तेवढ्याच लागतात. म्हणून निघण्याआधी फोन करून दोनच गोष्टी विचारा: कुप्या किती आहेत आणि डॉक्टर हजर आहेत का. पुजारी आला असेल तर त्याला हाकलू नका, गाडीत बसवा. प्रार्थना गाडीतही होते. घरच्यांचाही धीर सुटत नाही आणि वेळही जात नाही.

इथे कायदाही माहीत असू द्या. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. विंचू चावला तरी उपचाराचे सापासारखेच. नुसते दुखत असेल तर वेगळे, पण घाम सुटून हातपाय गार पडले, छाती धडधडू लागली की प्राझोसिन असलेला दवाखाना गाठायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामातून हे औषध कोकणात रुजले आणि पुढे सगळीकडे गेले.

सुईणपणाचे आता काय करायचे? तुमच्या हातातले कौशल्य वाया जाऊ देऊ नका, त्याची जागा बदला. प्रसूतीच्या खोलीत सोबतीण म्हणून एका बाईला राहता येते, तिथे तुम्ही असायला हवे. गोंडी बोलणारी ओळखीची बाई डोक्याशी असली की पहिलटकरीण निम्मी सावरते, आणि नर्सबाईंना काय विचारायचे ते कळते. घर दूर असेल, मध्ये नाला असेल तर आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात चार-पाच दिवस आधी नेऊन ठेवा. पावसाळ्यात तर हे आशाताईंशी महिनाभर आधीच ठरवा. वाटेत किंवा घरी प्रसूती झालीच तर तीन गोष्टी मोडून काढायच्या. पोट वरून दाबणे: पिशवी फाटते. कळा वाढवायचे इंजेक्शन बाजारातल्या माणसाकडून घेणे: तेही तेच करते आणि बाळ गुदमरते. नाळेला राख, शेण किंवा तेल लावणे: धनुर्वात आणि जंतुदोष तिथूनच शिरतात. नाळ कोरडी राहू द्या. बाळ पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवा, वरून दोघांवर पांघरूण, डोक्याला टोपी. आंघोळ त्या दिवशी नको.

नंतरचे ४२ दिवस तुमचे खरे काम. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. घरी झाली असेल तर पहिल्या दिवशीही. तुम्ही त्यांच्यासोबत जा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास एका मिनिटात ६० किंवा जास्त असेल तर न्यूमोनिया किंवा रक्तात जंतू समजून हलवायचे. दोन महिने ते वर्षभर ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० हा आकडा. मूल शांत असताना, पोट उघडे ठेवून, पूर्ण मिनिट मोजा. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान बाळाचा श्वास मध्येच थांबतो आणि हिशेब चुकतो. शंभरपर्यंत मोजता येत नसेल तर दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. ही साधी युक्ती आपल्याच जिल्ह्यात, डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेच्या कामात वापरली गेली. तिथे गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ साली तो अभ्यास जगापुढे आला. गावच्या बाईच्या हातून काय होते याचा हा पुरावा आहे. ग्रामसभेत कुणी "बायकांना काय कळते" म्हणाले तर हाच आकडा सांगा.

तापाला काढा देण्याआधी आशाताईंकडून हिवतापाची पट्टी करून घ्या. बोटाच्या टोकाचे रक्त आणि किटवर लिहिलेली पंधरा-वीस मिनिटे, एवढेच लागते. इथे मुख्य चूक अशी होते की दोन गोळ्यांनी ताप उतरला की रोगी औषध सोडतो. व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप असेल तर प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते, नाहीतर यकृतात लपलेला जंतू महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा उठतो आणि लोक म्हणतात औषध लागले नाही. गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या मुलाला प्रायमाक्विन चालत नाही. औषध चालू असताना लघवी काळसर-तांबडी झाली तर थांबवून ताबडतोब केंद्रात न्या. १४ दिवसांचे १४ खडे ओट्यावर मांडायचे आणि रोज एक उचलायचा, हा उपाय चांगला चालतो. दोन आठवड्यांपुढचा खोकला थुंकी तपासायला, तोही अडुळशाच्या आधी.

हाडे दुखतात, मूल रात्रभर रडते, हातपाय सुजतात, डोळे पिवळट, आणि घरातले आणखी एखादे मूल असेच गेलेले: ही करणी नाही, सिकलसेल असू शकतो. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम चालू आहे, ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी मोफत होते. पहिली चाचणी फक्त "आहे" एवढे सांगते. वाहक की रोगी हे दुसऱ्या चाचणीतच कळते, आणि तो कागद येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. अर्धवट निकालावर मुलींची लग्ने मोडतात. वाहक माणूस निरोगी असतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता रोगी मुलाची, हे लग्नाआधी शांतपणे समजावायचे. रोग्याला भरपूर पाणी, थंडीत ऊब, रोज फॉलिक ॲसिड, आणि डॉक्टरांनी दिले असेल तर हायड्रॉक्सियुरिया न चुकता. अशा मुलाचा ताप घरी काढायचा नाही.

आता सीमेची अडचण. १०८ दोन्ही राज्यांत आहे, पण फोनने पलीकडचा टॉवर पकडला असेल तर कॉल छत्तीसगडच्या केंद्रात जाऊ शकतो, आणि तिथला माणूस तुमचे गाव यादीत शोधत बसतो. म्हणून पहिल्याच वाक्यात "महाराष्ट्र, जिल्हा गडचिरोली, तालुका कोरची" म्हणायचे, मग गाव, मग टोला म्हणजे वस्ती. त्यापेक्षा खात्रीचे म्हणजे आपल्या आणि पलीकडच्या आरोग्य केंद्राचे, दोन्हीकडच्या रुग्णवाहिका चालकांचे आणि गावातल्या दोन जीपवाल्यांचे थेट क्रमांक भिंतीवर रंगवून घ्या. गरोदर बाईसाठी १०२ दोन्हीकडे चालतो. तिकडे त्याला महतारी एक्सप्रेस म्हणतात. पलीकडचा रोगी आला तर त्याला कागदावरून परत पाठवू देऊ नका. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, आणि आयुष्मान कार्ड देशभरातल्या यादीतल्या रुग्णालयांत चालते. राज्याच्या योजनेला मात्र इथलेच कागद लागतात, हे आधीच सांगा म्हणजे माणूस शंभर किलोमीटर जाऊन हिरमुसणार नाही. क्षयरोगाचा रोगी मजुरीला पलीकडे जाणार असेल तर त्याचा निक्षय (सरकारी नोंदणीचा) क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्या. औषध तिकडच्या केंद्रात चालू राहते आणि पोषणाचे महिना १००० रुपयेही थांबत नाहीत.

एक सावधगिरी या भागासाठीच. घरात गोळ्यांचा किंवा सलाईनचा मोठा साठा ठेवू नका. अशा साठ्यावरून पोलीस आणि नक्षलवादी, दोन्ही बाजूंकडून संशय येतो. जे आहे ते पावतीसह, आशाताईंच्या नोंदीत. बैठक दिवसा, आणि ग्रामसभेच्या वहीत तिची नोंद.

जडीबुटीकडे येते. तिची खरी जागा आहे रोजच्या दुखण्यांत: सांधे, बद्धकोष्ठ, खरूज, साधा खोकला, बाळंतिणीची ताकद. निरगुडीचा पाला वाफवून शेकायला. हिरडा, बेहडा, आवळा यांचा बिया काढलेला सुका गर सारख्या वजनाने दळून रात्री सपाट चमचाभर, म्हणजे ३ ते ५ ग्रॅम, कोमट पाण्याशी. गरोदर बाईला नाही. जुलाबाला कुड्याची साल आपल्याकडे सगळे देतात, पण मुलाला आधी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सोबत आशाताईंकडची झिंकची गोळी १४ दिवस. मूल मरते ते पाणी संपून. काविळीत गुळवेल अंदाजाने देऊ नका. बिब्ब्याचे तेल अंगावर उततेच, पोटात देण्याच्या भानगडीत पडू नका.

"मूठभर" हे माप सोडा. तुमची मूठ आणि सुनेची मूठ वेगळी. दीड-दोनशे रुपयांचा छोटा काटा घ्या, एकदा वजन करा आणि तेवढेच मावेल असे एक टोपण ठरवून टाका. सावलीत वाळवा, कडक मोडेपर्यंत. पावसाळ्यात चूर्ण ओल धरते. बुरशीचा वास आला की फेकायचे, पुन्हा वाळवून द्यायचे नाही. चूर्ण चार-सहा महिन्यांपुढे ठेवू नका. डब्यावर नाव, महिना आणि जागा लिहा. बाजारातून आणलेली तयार सांधेदुखीची पुडी कुणी घेऊन आला तर जपून. एका दिवसात आराम, भूक वाढलेली, चेहरा गोल फुगलेला: अशा पुडीत बहुतेक वेळा स्टेरॉइड असते. ती एकदम बंद केली तरी माणूस कोसळतो, म्हणून पुडीसकट डॉक्टरकडे पाठवा.

तोडण्याची रीत आजीने शिकवली असेलच, पण आता व्यापारी येतात तेव्हा ती नियम म्हणून ग्रामसभेत मांडावी लागते. साल उभ्या पट्टीत, खोडाच्या घेराच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा रुंद नाही, शक्यतो फांदीची. सभोवार सोलली की झाड मेलेच. गुळवेल बोटाएवढी जाड झाल्यावर, जमिनीपासून दोन हात वेल राखून. शतावरी कार्तिकानंतर, एका अंगाने उकरून, तोंडाशी तीन-चार कंद ठेवून माती परत ओढायची. सफेद मुसळीची पाने पिवळी पडल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि कोंबाचा डोळा पुन्हा मातीत लावायचा. हिरडा पिकून पडलेला. चारोळीची फळे कच्ची झोडून नेतात आणि फांद्याही मोडतात, त्यासाठी तोडीची तारीख ग्रामसभेनेच ठरवावी. मोहाखाली पाला पेटवला की फुले दिसतात खरी, पण त्याच आगीत मोहाची रोपे जातात. जाळी किंवा जुन्या साड्या अंथरा.

आणि इथेच उपचाराचे काम ग्रामसभेच्या कामाला मिळते. तुम्ही मुळी आणायला ज्या वाटांनी जाता त्या वाटा म्हणजे तुमच्या गावाच्या जंगलहक्काचा नकाशा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक वनसंपत्तीचा दावा नमुना 'ग' वर करतात. जैवविविधतेवरचा आणि पारंपरिक ज्ञानावरचा हक्क कलम ३(१) मध्ये वेगळा सांगितलेला आहे, त्याचाही उल्लेख ठरावात घ्या. पुरावे किमान दोन लागतात: निस्तार पत्रक (जंगल वापराच्या हक्कांची जुनी सरकारी नोंद), जुने नकाशे, देवराई, मसणवटा, पाणवठे, आणि जाणत्या माणसांचे लिहून घेतलेले जबाब. जबाब घेताना बहुधा पुरुषांचेच घेतात. जंगलाच्या कोणत्या उतारावर काय मिळते हे बायकांना जास्त माहीत असते. दोन म्हाताऱ्यांना सोबत घेऊन, मोबाइलवर वाट नोंदवत, तीन दिवस चाला. प्रत्येक ठिकाणाचे गोंडी नाव, तिथे काय काढतो, कोणत्या महिन्यात, हे लिहा. मोजणीच्या वेळी वनखात्याचा माणूस "इथे तुमचे काय आहे" विचारतो तेव्हा हा कागद बोलतो.

दावे कुठे फसतात तेही सांगते. वनहक्क समितीत १० ते १५ माणसे, त्यांत एक तृतीयांश बायका आणि दोन तृतीयांश आदिवासी हवेत. ठरावाच्या सभेला गावातली निम्मी प्रौढ माणसे हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. नंतर घरोघरी सह्या गोळा केल्या की कुणीतरी तक्रार करते आणि सगळे परत येते. म्हणून तारीख ठरवताना तेंदूचा आणि रोवणीचा हंगाम टाळा. ग्रामसभेआधी महिला सभा घेणे कायद्यातच आहे. ती कागदावर न ठेवता खरोखर घ्या, मुद्दे तिथे ठरवा, बोलणाऱ्या दोघी तिथेच ठरवा. तुमचे पारंपरिक जंगल राज्याच्या हद्दीपलीकडे जात असेल तर दावा आपल्या जिल्ह्यातल्या भागाचाच करा, आणि पलीकडच्या ग्रामसभेशी एकत्र बसून हद्द मान्य असल्याचे दोन्ही वह्यांत लिहून घ्या. शेजारचा आक्षेप आधी मिटलेला बरा.

लोकजैवविविधता नोंदवही (गावातल्या वनस्पती-प्राण्यांची नोंद) करायला कुणी आले तर वनस्पतीचे नाव, जागा, हंगाम सांगा. काय किती मिसळायचे ते सांगू नका. ती कृती ग्रामसभेच्या स्वतःच्या वहीत, कुलपात. एकदा बाहेर गेलेली कृती परत मागता येत नाही.

या मार्गाला तुमच्याच तालुक्यात आधार आहे. कुमारीबाई जमकातन यांनी बचत गटाच्या बायकांपासून सुरुवात करून ग्रामसभेत आणि इलाक्याच्या पारंपरिक पंचायतीत बायकांची जागा मागितली. खाणीविरुद्धच्या लढ्यातही कोरचीच्या बायका उभ्या राहिल्या. कुरखेड्याची 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था १९८४ पासून आरोग्याकडून जंगलाकडे अशाच वाटेने गेली. आणि धानोऱ्याकडच्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हापासून जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाला बघायला नमुना आहे. या माणसांना भेटा, एकटीने चाक नव्याने फिरवू नका.

गावात कुरमाघर (पाळीच्या दिवसांत बायकांना वेगळे ठेवायची झोपडी) असेल तर तो विषय सगळ्यात जपून घ्या. "बंद करा" म्हणून सुरुवात केली की म्हाताऱ्या बायकाच विरोधात जातात आणि दार कायमचे लागते. माझे मत असे की आधी ते जीव घेणार नाही इतपत करावे. दीड-दोन फूट उंच खाट, गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, आतून कडी, सौर दिवा, भिंतीची आणि दाराखालची फट बुजवलेली, सरपण दूर, पाणी आणि संडास जवळ. त्याच महिन्यात म्हाताऱ्यांबरोबर सूट ठरवा: ओल्या बाळंतिणीला तिथे ठेवायचे नाही, बाळ गार पडते, तापाची, सिकलसेलची, परीक्षेची मुलगी घरी, मुसळधार पावसात कुणीच नाही. सूट वाढत गेली की प्रथा आपोआप सैल होते. तिथे जमलेल्या बायकांशी निवांत बोलता येते, रक्ताची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या तिथेच वाटता येतात. गरोदरपणात रोज एक गोळी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. सिकलसेलच्या रोगी बाईला लोह डॉक्टरांना विचारूनच. खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणाऱ्या गरोदर बाईशीही इथेच बोला. तिच्या बाळाचे वजन कमी भरते, एवढे एकच वाक्य पुरते.

दारूबंदीची मोहीम बायकांना सगळ्यात लवकर एकत्र आणते, आणि तिच्यातच एक मोठी चूक घडते. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. गावातली गाळप बंद करायचा दिवस ठरतो, मडकी फुटतात, आणि तिसऱ्या दिवशी रोज पिणारा एखादा माणूस थरथरतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडतो, त्याला झटके येतात. लोक म्हणतात देव कोपला. खरे कारण असे की मेंदू दारूला सरावलेला असतो आणि ती एकदम तुटते. सहा तासांनंतर हात कापू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, आणि यात मृत्यूही होतो. म्हणून बंदीच्या दिवसाआधी यादी करा: सकाळी उठल्यावर प्यायल्याशिवाय ज्याचे हात थांबत नाहीत तो प्रत्येक माणूस. त्यांना आधी मुक्तिपथ या व्यसनमुक्ती अभियानाच्या तालुका क्लिनिकमध्ये किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या, मग मडकी फोडा.

पेनपूजेत (गोंडी देवपूजेत) वाहायची मोहाच्या दारूची धार वेगळी ठेवा, तिच्यावर वाद काढला तर अर्धे गाव तुटेल. आणि पलीकडे कायदा वेगळा आहे, आदिवासींना घरापुरती गाळायला सूट आहे. त्यामुळे फक्त आपल्याकडे बंद करून भागत नाही. पलीकडच्या गावातल्या बायकांना बोलवा. नात्यागोत्याच्याच असतात, बाजारही एकच. विकायची बंद, असा ठराव दोन्हीकडे एकाच आठवड्यात झाला तर टिकतो.

शेवटी तुमच्या स्वतःच्या जिवाचे. उपचार करणारी, जमिनीवर आणि दारूवर बोलणारी बाई हीच पहिल्यांदा "टोनही" म्हणजे चेटकीण ठरवली जाते. एखादे मूल गेले, एखाद्या दुकानदाराचा धंदा बुडाला की कुजबुज सुरू होते. कुजबुजीच्या टप्प्यावरच हलायचे. इकडे २०१३ चा कायदा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. छत्तीसगडात २००५ चा टोनही प्रताडना निवारण कायदा आहे, नुसते टोनही म्हणून बोट दाखवल्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आरोप करणारा ज्या बाजूचा असेल आणि शब्द जिथे बोलला गेला असेल त्या ठाण्यात जा.

तुमचे मोठे संरक्षण म्हणजे रोजची वही. दोनशे पानी, शिवलेली, पाने फाडता न येणारी, आठ रकाने: तारीख आणि वेळ, नाव आणि टोला, कोण घेऊन आले, काय त्रास, काय पाहिले (श्वास, ताप, पापण्या), काय दिले आणि किती, कुठे पाठवले, तिसऱ्या दिवशी कसे. "पाठवले पण गेले नाहीत" हेही लिहा आणि सोबतच्याचा अंगठा घ्या. महिन्यातून एकदा ती वही नर्सबाईंना दाखवून सही घ्या. बचत गटातल्या लिहित्या-वाचत्या दोन मुली दर आठवड्याला आलटून पालटून लिहायला बसवा, म्हणजे तुम्ही शेतात असलात तरी नोंद चुकणार नाही आणि अक्षर एकट्या तुमचे राहणार नाही. इतरांच्या आजाराची पाने चावडीवर उघडी टाकायची नाहीत. ज्याचे पान त्यालाच दाखवायचे, किंवा ठाण्यात मागितले तर साहेबांना.

पैसे ठरवून घेऊ नका, पण फुकटही करू नका. धान्य, मोहफूल किंवा गटाच्या पेटीत दहा रुपये, आणि ती पेटी गाडीभाड्यासाठी. रात्री अकरा वाजता जीपवाला रोख मागतो. पेटीत कायम दोन हजार राहतील असे बघा आणि किल्ली दोघींकडे द्या.